पाणी कुंडी देईल, लक्ष आपल्याला द्यायचंय

ताईंनो, मावश्यांनो, वहिनींनो आणि भाकरी थापता थापता कान इकडे ठेवणाऱ्या सगळ्या मैत्रिणींनो, पनवेल तालुक्यातल्या आमच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय.

आजचा विषय कुंडीचा आहे. तुम्ही म्हणाल, शेतात राबणाऱ्या बायकांना कुंडीचं काय एवढं कौतुक? पण थोडं ऐका. या कुंडीने आमच्या गटाला चार पैसे मिळवून दिले, आणि एकदा तिच्याच पायी आम्ही तोंडघशीही पडलो. त्यातून जे शिकलो ते तुमच्या दारातल्या पिंपालाही तितकंच लागू आहे.

मे महिन्यात माहेरी जायचं ठरलं की पिशवी भरायच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. आठ-पंधरा दिवस झाडांना पाणी कोण घालणार? तुळशीसाठी आपण शेजारणीला सांगून जातो. पण खिडकीतला मनी प्लँट, पुदिन्याचा डबा, ओटीवरची शोभेची दोन झाडं, यांचं परत आल्यावर काड्यांचं भारंच हातात येतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पाण्याची ओढाताण. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मे आला की पनवेल शहराला पाणी देणाऱ्या देहरंग धरणाचा तळ दिसू लागतो आणि तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी झाडाला तांब्याभर पाणी घालतानाही हात आखडतो.

यावर उपाय म्हणून आम्ही आपोआप पाणी पिणाऱ्या कुंड्या करायला लागलो. दुकानात हिला 'सेल्फ वॉटरिंग' कुंडी म्हणतात. वर माती आणि झाड, खाली पाण्याची छोटी टाकी, आणि दोघांच्या मध्ये एक वात. झाडाला हवं तेवढं पाणी वातीवाटे वर चढतं. वरून ओतलेलं पाणी खालून वाहून जातं तसं यात वाया जात नाही, म्हणून पाणीही कमी लागतं.

गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातली जुनी. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. नवीन पनवेल, कामोठे, खारघर, कळंबोली या बाजूला इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक घराला एक खिडकी, एखादी गॅलरी, आणि नवरा-बायको दोघंही सकाळी आठच्या गाडीला. झाडाची हौस आहे, पण पाणी घालायला वेळ नाही. आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून थोडे पैसे घेतले, तेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन जमवले, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला एका सोसायटीत टेबल मांडलं. बोर्डावर लिहिलं, 'एकदा भरा, महिनाभर विसरा.' चाळीस कुंड्या दोन दिवसांत गेल्या. आम्ही खूश.

जुलैमध्ये त्या सोसायटीतल्या एका ताईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, हेच आम्हाला जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या कुंडीच्या खालच्या पाण्यात काहीतरी वळवळतंय, येऊन बघता का?" आम्ही चौघी गेलो. झाकण काढलं तर डासांच्या अळ्या. त्या ताईंच्या शेजारच्या घरातली मुलगी तेव्हा डेंग्यूने आजारी होती. तो डास आमच्याच कुंडीतून आला असं कोणी म्हणालं नाही, आणि तसं सांगताही येत नाही. पण आला नसेल असंही आम्हाला छातीठोकपणे म्हणता येईना. मग दुपारभर आम्ही घरोघरी जिने चढलो, सापडली ती प्रत्येक कुंडी उघडली. आणखी काही टाक्यांत अळ्या होत्या. काही झाडं मुळाशी कुजून गेली होती. ज्यांनी मागितले त्यांचे पैसे परत दिले, ज्यांनी नाही मागितले त्यांना कुंडी नव्याने बांधून दिली.

त्या रात्रीच्या बैठकीत हिशेबाच्या वहीपेक्षा त्या बोर्डाचीच चर्चा जास्त झाली. 'विसरा' हा शब्द चुकीचा होता. कुंडीने आपलं पाणी घालायचं काम वाचवलं होतं. बघायचं काम तिच्यावर सोपवता येत नाही. मग आम्ही पहिल्यापासून शिकलो. काय शिकलो ते आता एकेक करून सांगतो.

आधी ही कुंडी चालते कशी ते बघू. देवापुढची समई आठवा. तेल खाली असतं, ज्योत वर असते. तेलाला वर कोण नेतं? वात. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं. शाळेच्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात. कुंडीतही हेच घडतं. पाण्यात बुडालेल्या वातीवरून पाणी वर चढतं, वातीला चिकटलेली माती ते ओढून घेते, मातीतून मुळं घेतात, आणि पानांतून ते हवेत जातं. पान जितकं पाणी सोडेल तितकं खालून चढेल. समईची वात मध्येच तुटली तर ज्योत विझते, तसंच इथे वात, माती आणि मूळ यांची साखळी कुठे तुटली की खाली टाकी भरलेली असूनही वर झाड सुकतं.

म्हणून वात नीट निवडा. सुती वात पाणी छान ओढते, पण सतत ओली राहून थोड्या महिन्यांत कुजते. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा, लोकरीचा गोफ, जुन्या सिंथेटिक साडीची पिळलेली पट्टी जास्त टिकते. पण प्रत्येक कापड पाणी ओढतंच असं नाही. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. भांड्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर कुंकू किंवा रंग घाला, पट्टीचं एक टोक आत सोडा, दुसरं वर टांगा. तासाभरात रंग चार बोटं वर चढला तर ती वात चालेल. नाही चढला तर ती पट्टी पायपुसण्याला वापरा. आणि हेही लक्षात असू द्या की पाणी साधारण वीतभरच जोमाने चढतं. म्हणून टाकी खोल विहिरीसारखी नको, उथळ हवी.

आता करायची कशी? सुरुवातीला दोन लिटरची पाण्याची किंवा सरबताची बाटली घ्या. मधोमध कापा. वरचा भाग बुचासकट उलटा करून खालच्या भागात बसवायचा, म्हणजे तोंड खाली येईल. बुचाला तापवलेल्या दाभणाने भोक पाडून त्यातून वात ओवा. वातीचं खालचं टोक टाकीच्या तळाला टेकलं पाहिजे आणि वरचं टोक मातीत निम्म्यापर्यंत गेलं पाहिजे. बुचापासून बोटभर खाली, टाकीच्या अंगाला एक बारीक भोक पाडा. हे जादा पाणी जायचं भोक. आमच्या पहिल्या चाळीस कुंड्यांत आम्ही हेच विसरलो होतो. हे भोक नसलं की पावसाचं किंवा कोणी हौसेने ओतलेलं पाणी थेट मातीपर्यंत चढतं आणि मुळं बुडतात.

मुळं बुडाली तर बिघडतं काय, असं आमच्या एका मावशींनी विचारलं. त्यांचं म्हणणं, भात नाही का चिखलात उभा राहत? प्रश्न अगदी रास्त आहे. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. भाताच्या काडीत आणि मुळांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, पानांकडची हवा त्यातून खाली मुळांपर्यंत पोचते. म्हणून भात खाचरात तग धरतो. बहुतेक शोभेच्या झाडांना ही सोय नाही. त्यांची मुळं मातीच्या कणांमधल्या फटींतली हवा घेतात. त्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. गंमत अशी, की मुळं कुजलेलं झाड वरून तहानलेल्यासारखंच दिसतं. पानं मान टाकतात. बघणारी म्हणते, पाणी कमी पडलं, आणि आणखी तांब्याभर ओतते. आजारी माणसाला जबरदस्तीने जेवायला घातल्यासारखं होतं ते.

म्हणून मातीचं मिश्रण महत्त्वाचं. खाचरातली चिकट माती या कुंडीत घालू नका. ती ओली झाली की लाद्यासारखी बसते, हवेला जागाच उरत नाही. आम्ही दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, एक भाग गांडूळखत आणि एक भाग भाताचं जाळून काळं केलेलं तूस घेतो. तूस नसेल तर भरड वाळू चालते. तूस आपल्याकडे गिरणीवर मिळतं, विकत आणायला नको. सोडणात मुळातच क्षार असतात, म्हणून कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवून, पिळून घ्या. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की फुटावा. लाडू वळणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही.

झाड लावल्यावर पहिलं पाणी वरूनच घाला. माती, वात सगळं ओलं झालं पाहिजे, तरच साखळी जुळते. कोरड्या कोकोपीटमध्ये वात कितीही चांगली असली तरी पाणी चढत नाही. नवीन रोपाला दोन-तीन आठवडे थोडं थोडं वरूनही पाणी द्या. तोवर मुळं खाली वातीपर्यंत उतरतात. पुढे कधी टाकी बरेच दिवस कोरडी राहिली आणि वरची माती खडखडीत झाली, तर नुसती टाकी भरून भागत नाही. पुन्हा एकदा वरून पाणी घालून साखळी जोडावी लागते.

आता कोणतं झाड यात लावायचं? यासाठी आम्ही एक सोपी खूण धरली आहे. अळूची भावंडं आणि कोरफडीच्या वळणाची झाडं. परसात सांडपाण्याच्या कडेला अळू कसं मजेत वाढतं ते आपण बघतोच. मनी प्लँट, सिंगोनियम, पीस लिली, ही सगळी अळूच्याच कुळातली. त्यांना ओल आवडते, त्यांना ही कुंडी मानवते. स्पायडर प्लँट आणि पुदिनाही यात चांगले येतात. पुदिन्याला मात्र थोडं ऊन हवं. कोरफड, स्नेक प्लँट, अडेनियम यांचं वळण वेगळं. ती पानांत किंवा खोडात स्वतःच पाणी साठवून ठेवतात, त्यांना सतत ओले पाय चालत नाहीत. त्यांना साधी भोकाची कुंडीच बरी. एक अपवाद सांगून ठेवतो. बाजारात झेडझेड नावाचं चकचकीत पानांचं झाड मिळतं. ते आहे अळूच्याच कुळातलं, पण जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतं. त्यालाही ही कुंडी देऊ नका.

तुळशीचं काय, असं प्रत्येक गावात विचारतात. तुळशीला ऊन हवं, वारा हवा आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती थोडी कोरडी व्हायला हवी. ती आपल्या वृंदावनातच सुखी आहे. तिला रोज सकाळी पाणी घालायला आपण उभ्या राहतो, तेवढ्यात तिच्याकडे आपलं लक्षही जातं. खरं म्हणजे ती सवयच बाकीच्या झाडांना हवी असते.

अळूच्या भावंडांची आणखी एक गोष्ट. कच्चं अळू घशाला खाजतं, ते आपल्याला माहीत आहे. त्यात सुईसारखे बारीक खडे असतात. मनी प्लँट, पीस लिली, डिफेनबेकिया यांच्या पानांतही तेच असतं. रांगतं मूल घरात असेल तर ही कुंडी उंचावर ठेवा. शेळी, मांजर यांच्याही तोंडाला लागू देऊ नका.

कुंडी कुठे ठेवता यावरही पाणी अवलंबून आहे. उजेड जास्त तर झाड पाणी जास्त पितं, अंधारात कमी पितं. पूर्वेच्या खिडकीतलं झाड एका आठवड्यात टाकी संपवेल, तेच झाड कपाटाशेजारी ठेवलं तर तीन आठवड्यांनीही टाकी भरलेलीच. म्हणून 'इतक्या दिवसांनी भरा' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आधी टाकीत किती उरलंय ते बघा. बाटली पारदर्शक असेल तर पाणी दिसतं, पण उजेडाने आत शेवाळही धरतं. आम्ही जुन्या साडीचा किंवा गोणपाटाचा खोळ शिवून घालतो. खोळ खाली सरकवला की पाणी दिसतं, वर ओढला की अंधार. दिसायलाही शोभतं.

आता मुख्य गोष्ट, डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, फुलदाणी, नारळाची करवंटी, टायर, उघडं पिंप, या सगळ्या त्याच्या जागा. आपली टाकीची कुंडी म्हणजे त्याला आयतंच बाळंतघर. अंड्याचा डास व्हायला आपल्याकडच्या उबेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खात्याची माणसं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. सात दिवसांच्या आत पाणी ओतून टाकलं तर अळीला पंख फुटायला वेळच मिळत नाही. आणि नुसतं ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, आणि पाणी पुन्हा भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून टाकी आतून काथ्याने किंवा घासणीने खसाखसा घासायची.

दुसरा बंदोबस्त, डासाला आत शिरूच द्यायचं नाही. वरचा आणि खालचा भाग एकमेकांत घट्ट बसला पाहिजे. जिथे फट राहते तिथे कापडाची पट्टी गुंडाळा. पाणी भरायच्या नळीला आणि जादा पाण्याच्या भोकाला मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने बांधा. पण जाळी लावली म्हणून कोरडा दिवस सोडू नका. जाळी फाटते, सरकते, मुलं ओढतात.

आमच्या गटाने यावर एक युक्ती केली. आपल्या गटाच्या दशसूत्रीतलं पहिलंच सूत्र आठवड्याची बैठक आहे. आमची बैठक ज्या वारी, त्याच वारी सकाळी सगळ्यांच्या घरच्या टाक्या, बश्या, पिंपं रिकामी करून घासायची. बैठकीत हजेरी घेताना बचतीसोबत एक प्रश्न विचारायचा, "आज पाणी ओतलं का?" पहिल्यांदा हसायच्या सगळ्या. आता कोणी ओतलं नसेल तर तीच मान खाली घालते. हे करायला एक रुपयाही लागत नाही, आणि तुमच्याकडे कुंडी नसली तरी हे तुम्ही येत्या बैठकीपासून सुरू करू शकता. कुंडीतून काढलेलं पाणी मात्र मोरीत टाकू नका, अंगणात कोरड्या तापलेल्या मातीवर ओता. पाणीही वाया जात नाही, अळ्याही मरतात.

या कोरड्या दिवसाचा झाडालाही फायदा होतो. टाकी भरायच्या आधी एक-दोन दिवस रिकामी राहिली की मातीत हवा शिरते, मुळं मोकळा श्वास घेतात. माती तोवर ओलीच असते, झाड सुकत नाही. मग माहेरी आठ दिवस जायचं असेल तर? निघायच्या दिवशी टाकी घासून, जाळी तपासून, स्वच्छ पाण्याने भरा. कुंडी खिडकीतून जरा आत, कमी उन्हात ठेवा. आल्यावर हातपाय धुतले की पहिलं काम टाकी ओतायची. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजारणीलाच सांगून जा. शेजारणीची बरोबरी कुठलीच कुंडी करत नाही.

महिना-दोन महिन्यांनी मातीवर पांढरी खरड दिसू लागते. ही बुरशीच असते असं नाही. उरण-पेणकडची मिठागरं डोळ्यांसमोर आणा. वाफ्यात पाणी घेतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. कुंडीतही पाणी खालून वर चढतं, वरून उडतं, आणि त्यातले क्षार मातीच्या पृष्ठभागावर राहतात. साध्या कुंडीत वरून घातलेल्या पाण्याबरोबर ते धुवून जातात, या कुंडीत तसं होत नाही. म्हणून दोन महिन्यांतून एकदा टाकी काढून ठेवा, वरून भरपूर पाणी घालून माती धुवून घ्या, निथळू द्या, मग टाकी जोडा. पावसाचं पाणी मिळालं तर सर्वात उत्तम.

खताची घाई करू नका. टाकीत शेणकाला, जीवामृत काही घालू नका. वात बुजते, पाणी सडतं, वास येतो. दर दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं तरी पुरतं. मातीभोवती बारीक चिलटं घोंगावू लागली तर वरचा थर सतत ओला राहतोय असं समजा. टाकी काही दिवस कोरडी ठेवा आणि वर बोटभर भरड वाळू पसरा.

पावसाळ्याचा नियम वेगळा. हवाच ओली असते, पानांतून पाणी फारसं उडत नाही, झाड पाणी पीत नाही. जून ते सप्टेंबर टाकी रिकामीच ठेवलेली बरी. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच वरून थोडं पाणी द्या. कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. तरीही पानं पिवळी पडली, खोड मऊ झालं, मातीला कुबट वास आला, तर झाड अलगद बाहेर काढा. काळी, लिबलिबीत मुळं कात्रीने कापा, पांढरी कडक मुळं ठेवा, नव्या मिश्रणात लावा. आठवडाभर टाकी जोडू नका. मनी प्लँट असेल तर वरची चांगली वेल कापून पाण्यात किंवा मातीत खोचा, नवं झाड तयार होतं.

ज्यांच्याकडे खिडकी-गॅलरी नाही पण परस आहे, त्यांच्यासाठी याच कुंडीची आजी आहे, मडकं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या शेतीच्या पुस्तकात या पद्धतीचं वर्णन आहे, आणि आपल्याकडेही मडका सिंचन म्हणून ती चालते. कुंभाराकडून रंग न दिलेलं, कच्च्या अंगाचं मडकं घ्या. गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. भोवती वीतभर अंतरावर दुधी, कारलं, वांगं लावा. मडक्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. आजूबाजूची माती सुकली की मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं, माती ओली असेल तर पाझर मंदावतो. तीन-चार दिवसांनी भरा. उन्हाळ्यातली भाजी थोडक्या पाण्यात निघते. झाकण मात्र कायम. उघड्या मडक्याला डास काही वेगळा समजत नाही.

शेवटी विक्रीचं. ज्या गटांना हा व्यवसाय करायचाय त्यांनी आधी आपल्या घरी एक उन्हाळा आणि एक पावसाळा कुंडी वापरून बघा, मगच विका. आम्ही पावसाळा न बघता विकल्या, तिथेच चुकलो. बाजारात विकणारे सांगतात की हे झाड घरातली हवा शुद्ध करतं. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ मध्ये असा प्रयोग केला होता हे खरं, पण तो बंद पेटीतला होता. खिडक्या-दारं असलेल्या घरात दोन-चार झाडांनी तसा फरक पडत नाही. आम्ही ते सांगत नाही. झाड हिरवं आहे, डोळ्यांना बरं वाटतं, एवढं पुरे आहे. खोटं सांगून विकलेली वस्तू एकदाच जाते.

आता आमच्या प्रत्येक कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ती वाचून दाखवतो. आठवड्यातून एकदा टाकी ओता आणि घासा. जाळी फाटली तर बदला. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवा. दोन महिन्यांनी माती वरून धुवा. काही वळवळलं तर आम्हाला फोन करा, आम्ही येऊ. खाली गटाच्या अध्यक्षताईंचा नंबर.

बैठकीत एकीने विचारलं होतं, "एवढं सगळं लिहिल्यावर कोण घेणार? लोकांना आराम हवाय." भीती आम्हालाही होती. पुढच्या पाडव्याला त्याच सोसायटीत आम्ही पुन्हा टेबल मांडलं. पहिल्या गिऱ्हाईक त्याच फोन करणाऱ्या ताई होत्या. चिठ्ठी पूर्ण वाचली, दोन कुंड्या घेतल्या, आणि शेजारणीलाही घेऊन आल्या. जुना बोर्ड आम्ही टाकून दिलेला नाही. 'विसरा' हा शब्द खोडून त्याच्यावर 'बघा' असं लिहिलंय.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीच्या दिवशी घरातलं साठलेलं पाणी आधी ओता, मग बचतीचे पैसे घेऊन या. आणि पाणी ओतायला जाल तेव्हा जाता जाता झाडाच्या पानावरून एकदा हात फिरवा.